अर्ज, हरकत आणि ठराव: पुणे नगरसंस्थेच्या सुनावणीचा इतिहास

पुणे शहराची नगरपालिका १८५७ साली ज्या कायद्याच्या आधारे अस्तित्वात आली, तो १८५० चा सव्विसावा कायदा आज कोणी उघडून पाहत नाही. परंतु त्यातील एक तरतूद अशी आहे की, या संस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने तिच्यापासूनच आरंभ करावा. सरकारने आपण होऊन कोणत्याही शहरावर नगरपालिका लादावयाची नाही, तेथील रहिवाशांनी तशी इच्छा अर्जाद्वारे प्रकट करावी, त्या इच्छेविषयी सरकारची खात्री पटावी आणि मगच कायदा त्या शहरास लागू व्हावा, अशी त्या कायद्याची योजना होती. त्या इच्छेत कलेक्टरसाहेबांची इच्छा किती आणि रहिवाशांची किती, हा प्रश्न निराळा. नवे कर भरावयास लोक आपखुशीने पुढे सरसावले, असा अनुभव कोणत्याही शतकातील नाही. तथापि कायद्याच्या अक्षरापुरते बोलावयाचे तर, नगरपालिकेकडे पहिला अर्ज येण्यापूर्वी नगरपालिका मागणारा अर्ज सरकारकडे जावा लागे, आणि ज्या संस्थेचा जन्मच अर्जातून व्हावयाचा तिचे पुढील आयुष्य अर्जांच्या संगतीत गेले यात नवल नाही.

पूल, नळ, शाळा, दवाखाने आणि उद्याने यांच्या हकीकती नगरसंस्थांच्या इतिहासात नेहमीच सविस्तर येतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचा विस्तार केलेला नाही. येथे पाहावयाचे आहे ते एवढेच की, पुण्यातील एखाद्या गृहस्थास आपल्या घराविषयी, गल्लीविषयी किंवा शेजारच्या रिकाम्या जागेविषयी काही म्हणावयाचे झाले, तर तो ते कोणापुढे म्हणत असे, ते कोण ऐकत असे आणि शेवटी निकाल कोणाच्या हातचा असे. या वाटेने संस्थेचे जुने-नवे दप्तर चाळू लागले की जी गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते, ती ही की, नागरिकाचा आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार प्रत्येक नव्या कायद्याबरोबर वाढत गेला, आणि ते म्हणणे ऐकून निर्णय करण्याचा नगरसभेचा अधिकार मात्र त्याच कायद्यांबरोबर आटत गेला.

नगरपालिकेपूर्वी या शहरास दाद मागावयास ठिकाण नव्हते असे समजणे चुकीचे होईल. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत शहराच्या कोतवालाकडे जी कामे सोपविलेली होती, त्यांत रस्ते, गल्ल्या आणि घरे यांसंबंधीचे तंटे तोडणे, भाव नियमित करणे, वस्तीची गणती ठेवणे आणि स्थावर मिळकतींच्या खरेदी-विक्रीवर देखरेख करणे, अशा कामांचा उल्लेख आढळतो. नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून कौल दिला जाई, येऊन राहणाऱ्या उदमी लोकांस काही वर्षांची पट्टी माफ होई, आणि शेट्ये-महाजनांच्या विचाराने पेठेची आखणी होत असे. या व्यवस्थेत तक्रार ऐकणारा आणि निकाल देणारा एकच असे, त्यामुळे काम त्वरेने होई. परंतु तो कोतवाल घाशीरामासारखा जुलमी निघाला तर काय होते, हेही या शहराने १७९१ साली पाहिलेले आहे.

आरंभीच्या नगरपालिकेत सभासद सरकारनियुक्त असत आणि अध्यक्षपदी बहुधा अधिकारीच असे. १८७३ च्या कायद्याने तिची घडी अधिक व्यवस्थित केली, लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे तत्त्व उद्घोषिले, आणि १८८४ च्या कायद्याने निदान निम्मे सभासद लोकनियुक्त असावेत असे ठरविले. या कायद्यांचा तपशील येथे देत बसत नाही. नियुक्तीच्या त्या काळातही सभासदाने मनात आणले तर लोकांचे गाऱ्हाणे सभागृहात कसे पोहोचत असे, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांची १८७६ पासूनची सभासदत्वाची कारकीर्द होय. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला असता बत्तीस नियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्यास विरोध केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्याइतकी प्रसिद्ध नसलेली, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट त्याच वर्षाच्या जुलै महिन्यातील आहे. शहरात नव्याने उघडत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहिले, आणि नगरपालिका एकीकडे नागरिकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करीत असता त्या आरोग्याचा नाश करणारी दुकाने मात्र दुसरीकडे निर्वेध चालू द्यावीत हे सुसंगत नाही, त्यांवर कर बसवावा, अशा आशयाचा युक्तिवाद केला. कोणत्या वस्तीत कोणता धंदा चालू द्यावा, हा प्रश्न आज ज्यास जमिनीच्या वापराचे नियमन म्हणतात त्याचे मूळ होय. आणि तो प्रश्न या शहरात नकाशा, पट्टे आणि रंग यांच्या कितीतरी आधी, एका सभासदाच्या साध्या पत्राने उपस्थित झाला होता.

गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने १८८६ साली उघडलेली मंडई, जी आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते, तिच्यावरील प्रचंड खर्चासही जोतीरावांचा विरोध होता. तेवढा पैसा शिक्षणावर खर्च झाला असता तर बरे झाले असते असे त्यांचे मत होते. ज्या इमारतीस त्यांनी हरकत घेतली तीच इमारत पुढे नगरपालिकेने त्यांच्या नावाने केली, यात गौरव किती आणि विसर किती, हे वाचकांनीच ठरवावे.

लोकमान्य टिळक १८९५ मध्ये नगरपालिकेवर निवडून आले, नामदार गोखले यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचे अध्यक्षपद भूषविले, आणि साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनीही पुढे तेच पद सांभाळले. या नामावळीचा पुणेकरांस वाजवी अभिमान आहे. परंतु याच दोन पिढ्यांच्या मध्यावर १८९७ चे प्लेगचे वर्ष येते. त्या वर्षी साथीच्या बंदोबस्तासाठी विशेष कायदा झाला, रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्लेग समिती नेमली गेली, आणि निवडून दिलेली नगरपालिका शहरात जिवंत असूनही घराघरांच्या झडतीच्या बाबतीत तिला बाजूस सारण्यात आले. गोऱ्या शिपायांच्या वर्तनाविषयी अर्ज झाले, वर्तमानपत्रांतून कैफियती आल्या, पुढाऱ्यांनी भेटी घेतल्या. ज्यांच्यापुढे हे सर्व मांडावयाचे ते मात्र नागरिकांस कोणत्याही रीतीने जबाबदार नव्हते. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर जो हल्ला झाला तो राष्ट्रीय इतिहासाचा भाग आहे आणि त्याची मीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. नगरसंस्थेच्या इतिहासकाराने एवढेच नोंदवावे की, नगरपालिकेस वगळून शहराचा कारभार करण्याचा तो पहिला मोठा प्रसंग होता आणि दुर्दैवाने तो शेवटचा ठरला नाही.

अर्ज म्हटला की कागद, तिकीट आणि अंगठा एवढेच डोळ्यांसमोर येते. पण १९२० साली पुण्याने पायी चालत आलेला अर्जही पाहिला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली होती, आणि पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न होता तो असा की, ही सक्ती मुलांपुरतीच करावी की मुलींसही तीत घ्यावे. पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलगे, मुलींचे मागाहून पाहू, असा एक मोठा पक्ष होता, आणि त्यात त्या काळची वजनदार माणसे होती. यावर सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने शहरातील स्त्रियांनी मिरवणूक काढून आपली मागणी नगरपालिकेपुढे नेली. पैसा नाही, ही सबब नगरसभेच्या इतिहासात असंख्य वेळा ऐकावयास मिळते आणि ती पुष्कळदा खरीही असते. परंतु अपुरा पैसा कोणाच्या वाट्यातून कापावयाचा, हे ठरविताना ज्याचा आवाज सभागृहात नाही त्याचाच वाटा प्रथम कापला जातो, हे त्या मिरवणुकीने उघडे केले.

येथवर अर्जदार आणि सभासद यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. सभासद पेठेतलाच असे, अर्जदार त्याच्या ओळखीचा असे, आणि कागद बारनिशीत नोंदला जाण्यापूर्वीच त्यातील मजकूर कोणाच्या तरी ओट्यावर बोलून झालेला असे. १९०१ च्या कायद्याने घर बांधण्यापूर्वी नगरपालिकेस लेखी सूचना देणे आवश्यक केले, तरी ‘बांधकामाचा विषय’ म्हणजे बहुतेक वेळा रस्त्यावर आलेली पायरी, शेजाऱ्याच्या भिंतीत उघडलेली खिडकी किंवा सांडपाण्याचे गटार एवढाच असे. अमुक भागात राहावे, तमुक भागात दुकान घालावे, असे शहरास कोणी सांगत नव्हते. १९१५ साली मुंबई सरकारने नगररचनेचा कायदा केला, जो हिंदुस्थानात आपल्या प्रकारचा पहिला होता, आणि तेव्हापासून हे चित्र पालटू लागले.

या कायद्याची खरी करामत मुठेपलीकडच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, पाहावयास मिळते. तेथील वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र करावयाचे, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या, आणि उरलेली जमीन नीटनेटक्या आकाराचे भूखंड पाडून मूळ मालकांस परत द्यावयाची, अशी ती योजना होती. रस्त्यांमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतील हिस्सा मालकाने द्यावयाचा आणि कोणाचे नुकसान झाले तर त्यास भरपाई मिळावयाची. या देण्याघेण्याचा हिशेब करण्यासाठी सरकारने नेमलेला लवाद प्रत्येक मालकास बोलावून त्याचे म्हणणे ऐकत असे. जंगली महाराज रस्त्याच्या परिसरात आजही पत्त्यात ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिला जातो, तो या योजनेची खूण होय. नदीच्या अलीकडे पेठेत राहणारा मात्र आपला सिटी सर्व्हे नंबर सांगतो. या दोन आकड्यांत दोन शहरे आहेत. एक आपोआप वाढले आणि मागाहून मोजले गेले, दुसरे आधी कागदावर आखले गेले आणि मग वाढले. भांबुर्ड्याच्या लवादापुढे उभा राहिलेला शेतकरी हा या शहरातील पहिला असा नागरिक होता की, ज्याचे म्हणणे ऐकून घेणे हा कोणाच्या मर्जीचा भाग नसून कायद्याने घालून दिलेली पायरी होती. आणि निकाल देणारा लवाद नगरसभेचा नव्हता, हेही त्याच वेळी घडले.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे शहर नगरपालिका आणि १८८४ पासून चालत आलेली उपनगर नगरपालिका यांच्या एकीकरणातून पुणे महानगरपालिका स्थापन झाली. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार सरकारनियुक्त आयुक्तांकडे आणि धोरणाचा मुख्य सभेकडे, अशी वाटणी करून ठेवली होती. पहिले आयुक्त स. गो. बर्वे यांच्यासारखा कर्तबगार अधिकारी लाभल्यामुळे रस्तारुंदीची जी कामे वर्षानुवर्षे दप्तरी दाखल होऊन पडली होती ती हालू लागली. १९५२ मध्ये निवडणुका होऊन बाबुराव सणस पहिले महापौर झाले. त्या काळी संस्थेची कचेरी विश्रामबागवाड्यात होती. दुसऱ्या बाजीरावाच्या विलासासाठी बांधलेल्या वाड्यात घरपट्टीची अपिले आणि नळजोडांचे अर्ज चालावेत, या योगायोगाचे कौतुक वाटते. पण त्या वाड्याने संस्थेला १९५९ पर्यंत आसरा दिला, हे त्याचे उपकारच म्हणावयाचे.

महानगरपालिकेच्या पहिल्या काही दशकांत जे अर्ज सर्वाधिक कटुतेचे ठरले, त्यांत जुन्या वाड्यांविषयीचे अर्ज येतात, आणि त्यांच्याजवळ थोडे थांबणे अवश्य आहे. कायद्याच्या २१० व्या कलमाने आयुक्तांस रस्त्याची नियमित रेषा ठरविता येते. वाडा पाडून पुन्हा बांधावयाचा झाला की त्या रेषेच्या मागे सरावे लागते. त्यामुळे ज्याने घर नवे केले तो मागे गेला आणि ज्याने जुने तसेच ठेवले तो पुढे राहिला, आणि पेठांतील कित्येक रस्त्यांच्या कडा मोडक्या फणीसारख्या खालीवर झाल्या. रेषेचा त्रास तरी मालकापुरताच होता. २६४ व्या कलमाने धोकादायक इमारत उतरविण्याची नोटीस देता येते, आणि येथे मालक व भाडेकरू यांचे हितसंबंध समोरासमोर उभे राहिले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले होते. त्या भाड्यात वाड्याची डागडुजीही होत नाही, असे मालक म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. एकदा वाडा पडला की आपण शहराबाहेर फेकले जाऊ, असे भाडेकरू म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्यातही तितकेच तथ्य होते. म्हणून एकाच वाड्याविषयी दोन अर्ज येत: एक तो धोकादायक ठरवावा म्हणून, दुसरा तसा तो ठरवू नये म्हणून. पाहणीस गेलेल्या अभियंत्याने भिंत पाहावयाची की माणसे, याचे उत्तर कोणत्याही कलमात नव्हते. पावसाळ्याच्या तोंडी दरवर्षी धोकादायक वाड्यांची यादी निघे आणि तीतील पुष्कळ वाडे पुढच्या वर्षीच्या यादीतही असत. सभासद या प्रश्नावर सभागृहात तावातावाने बोलत, परंतु मतदार दोन्ही बाजूंस असल्यामुळे ठराव क्वचितच होई आणि विषय बहुधा तहकूब राही; ही टाळाटाळ होती खरी, पण तिच्या आडोशाने हजारो कुटुंबे आणखी एक पिढी पेठेत राहिली, हेही मान्य केले पाहिजे.

वाडे पाडण्याचे जे काम नोटिसांनी झाले नाही ते १२ जुलै १९६१ च्या दिवशी पाण्याने केले. पानशेतचे धरण फुटून मुठेचा लोंढा नारायण, शनिवार आणि कसबा पेठांच्या नदीकाठच्या भागांतून शिरला. मदतकार्यासाठी बर्वे यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले. पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि एका आपत्तीने शहराची वस्ती जितकी पांगविली तितकी कोणत्याही आराखड्याने पांगविली नव्हती. पूरग्रस्त म्हणून दाखला मिळणे ही त्या काळातील मोठी निकड होती. ज्याचे घरच वाहून गेले त्याने आपण तेथे राहत होतो याचा कागदी पुरावा आणावा, ही अपेक्षा कारकुनाच्या दृष्टीने रास्त आणि अर्जदाराच्या दृष्टीने क्रूर होती.

१९६६ हे वर्ष आपल्या विषयात मैलाचा दगड आहे. त्या वर्षी पुण्याचा पहिला विकास आराखडा शासनाने मंजूर केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला, जो पुढच्या जानेवारीत अमलात आला. या अधिनियमाने शहरातील प्रत्येक तुकड्यास रंग दिला. राहण्याची जमीन पिवळी, शेतीची हिरवी. शाळा, उद्यान, भाजीबाजार, दवाखाना यांसाठी आरक्षणे. आणि आरक्षण पडले की मालकाने तेथे दुसरे काही बांधावयाचे नाही. जमीन ‘पिवळ्यात’ आहे की ‘हिरव्यात’, यावर कुटुंबांची भाग्ये ठरू लागली, सोयरिकी जुळविताना झोन दाखल्याची चौकशी होऊ लागली, आणि सातबाराच्या उताऱ्याशेजारी आराखड्याची नक्कल येऊन बसली.

याच अधिनियमाने नागरिकास जे दिले तेही लहान नव्हते. आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे कोणाही व्यक्तीस हरकत अगर सूचना पाठविता येते. त्या हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते, जीत तीन सभासद स्थायी समितीचे आणि जास्तीत जास्त चार नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ असतात. बांधकाम परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय न झाल्यास, प्रस्ताव नियमांत बसत असेल तर, परवानगी मिळाली असे मानले जाते. नकार मिळाला तर शासनाकडे अपील करता येते. आणि आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण रद्द झाल्याचे जाहीर करून घेऊ शकतो. जोतीरावांच्या काळी जो अर्ज सभासदाच्या सद्बुद्धीवर अवलंबून होता, त्याच्यामागे आता कलमांचे बळ उभे राहिले. परंतु ही सर्व वाट चालून आलेला आराखडा शेवटी शासनाच्या मंजुरीसाठी मंत्रालयात जातो, आणि तेथे त्यात जो फेरफार होईल तोच कायम होतो. ३७ व्या कलमाखाली एखाद्या तुकड्यापुरता बदल करावयाचा झाला, तर त्यासाठीही जाहीर सूचना, हरकती आणि सुनावणी आहे. आणि शेवटची सही तेथेही शासनाचीच आहे.

सुधारित आराखडा १९८२ साली प्रसिद्ध झाला आणि १९८७ च्या जानेवारीत मंजूर झाला. मधली वर्षे शहर थांबले नव्हते. आराखड्यातील शाळा कागदावर आणि मुले रस्त्यावर, अशी स्थिती उपनगरांत सर्रास होती. आरक्षणे टाकणे जितके सोपे तितके त्यांचा मोबदला देणे कठीण, हा धडा महानगरपालिकेस पुनःपुन्हा मिळाला, आणि ‘आमची जमीन तरी घ्या, नाहीतर सोडा’ असे अर्ज स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर नित्याचे झाले.

हरकतीची कायदेशीर वाट टाळून वरच्या वाटेने गेले तर काय होते, याचा दाखला प्रभात रस्त्यालगतच्या एका भूखंडाने घालून दिला. प्राथमिक शाळेसाठी राखलेली ती जागा मोकळी करण्यात आली आणि तेथे निवासी इमारत उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो सर्व व्यवहार बेकायदा ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तोच निर्णय कायम केला. नगरसंस्थांच्या स्मरणिकांत असे प्रसंग वगळण्याची चाल आहे, ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

१९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि जमिनीच्या वापराचे नियमन ही बाराव्या अनुसूचीतील पहिली दोन कामे म्हणून लिहून ठेवली, आणि कागदावर तरी नगरसभेचे गेलेले अधिकार परत येण्याची चिन्हे दिसली. १९९७ मध्ये अडतीस गावे शहरात आली, त्यांतील काही पुढे वगळून तेवीस राहिली. या गावांच्या आराखड्यात टेकड्यांचे माथे व उतार जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याची मागणी पुढे आली. साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमिनीचा तो प्रश्न होता. टेकड्या वाचल्या पाहिजेत म्हणणारे पर्यावरणप्रेमी एका बाजूस, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर नाचणी-वरई पिकविणारे व आता भरपाईविना अडकलेले मालक दुसऱ्या बाजूस. अर्जांचा वर्षाव दोन्हीकडून झाला. २०१५ साली शासनाने ते आरक्षण कायम केले. मोबदला कोणत्या रूपाने आणि किती द्यावा, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला.

याच्या जोडीला एक मूक वर्ग आहे, ज्याची हरकत मुदतीत कधीच येत नाही. हिरव्या पट्ट्यात गुंठा-दीड गुंठा जमीन नोटरीच्या कागदावर घेऊन ज्यांनी डोक्यावर पत्रा घातला, त्यांस आराखडा प्रसिद्ध झाल्याचे वर्तमान बहुधा पाडापाडीच्या नोटिशीबरोबरच कळते. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करून घेण्याची वाट उघडली आणि २०२१ मध्ये तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली. या अर्जांची संख्या मोठी आणि त्यांना जोडावयाच्या कागदांची यादी त्याहून मोठी. मोजणीचा नकाशा, खरेदीचा दस्त, विकास शुल्क हे सर्व जमविताना पुष्कळांचा धीर खचतो.

मार्च २०१३ मध्ये जुन्या हद्दीचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर सुमारे सत्त्याऐंशी हजार हरकती व सूचना आल्या. या शहराने आपल्या नगरसभेस उद्देशून इतके कागद यापूर्वी एका प्रसंगी कधी लिहिले नसतील. त्यांत पेठेतील रस्तारुंदीने अर्धे घर जाणारे होते, उद्यानाचे आरक्षण उठविल्याने चिडलेले होते, आणि एकाच मजकुरावर निरनिराळ्या सह्या करून गठ्ठ्यांनी दिलेले अर्जही होते. परंतु गठ्ठ्याने दिला म्हणून अर्ज खोटा होत नाही. नियोजन समितीने महिनोन्‌महिने सुनावणी घेतली. एका माणसास काही मिनिटे मिळत. तो आपला सर्व्हे नंबर सांगे, नकाशावर बोट ठेवी, आणि बहुधा वडिलांच्या वेळची गोष्ट सांगावयास आरंभ करी तोच पुढचे नाव पुकारले जाई. शेवटी समितीतील सभासद आणि तज्ज्ञ यांचे एकमत झाले नाही, अहवाल दोन झाले, आणि मुख्य सभेत निर्णय होण्यापूर्वीच मुदत उलटल्याच्या कारणास्तव शासनाने २०१५ मध्ये आराखडा आपल्या ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपविला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. सभागृहाने वेळ दवडला, हा आरोप निराधार नव्हता. पण हरकती ऐकणारे एक आणि ठरविणारे दुसरे, ही जी फारकत १९१५ पासून हळूहळू होत आली होती, ती या प्रसंगी पूर्ण झाली.

त्यानंतरच्या घटना अलीकडील असल्याने त्यांचा विस्तार करीत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि पुण्याचे स्वतःचे बांधकाम नियम त्यात विलीन झाले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढे प्रशासकांनी मुख्य सभेचे, स्थायी समितीचे आणि शहर सुधारणा समितीचे अधिकार एकट्याने चालविले. या अवधीत ठराव होत राहिले, उपसूचना मात्र आली नाही.

त्याआधी, जून २०२१ च्या अखेरीस, आणखी तेवीस गावे महानगरपालिकेत आली आणि पुण्याची हद्द राज्यातील सर्वांत विस्तृत नगरसंस्थांच्या पंक्तीस जाऊन बसली. पण थोड्याच दिवसांत शासनाने त्या गावांपुरते विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक केली. त्यामुळे सूस, म्हाळुंगे, मांजरी किंवा वाघोली येथील रहिवाशाने मिळकतकराची पावती महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून घ्यावयाची, नळाचे पाणी आणि कचऱ्याची गाडी यांची तक्रारही तेथेच करावयाची, आणि आपल्या शेताचा रंग कोणता असावा याविषयीचे म्हणणे मात्र, ज्यावर त्याने निवडून दिलेला एकही सभासद निर्णय करणार नाही अशा दुसऱ्याच कचेरीच्या बारनिशीत नेऊन द्यावयाचे, असा क्रम सुरू झाला.